चिवड्याचं पाकीट मक्याचं, पावसाळा नागपूरचा

घरचा_फराळ
मी घरी चिवडा, शेव, शंकरपाळे करून विकते. गेल्या पावसाळ्यात हौसेनं "मक्यापासून बनलेली" पाकिटं आणली, नेहमीच्या जवळजवळ तिप्पट भावानं. बाराव्या दिवशी चिवडा सादळला. गिऱ्हाईक नातेवाईकच होते म्हणून शिव्या कमी पडल्या.

माझं मत सरळ आहे. जे आजच खाऊन संपतं त्याला पान, कागद, उसाच्या चोथ्याची ताटली, काहीही चालेल. जे महिनाभर टिकवायचं त्याला तूर्त प्लॅस्टिकच. सादळलेला चिवडा फेकला की तेल, दाणे, गॅस, दोन बायांची मेहनत सगळं उकिरड्यावर. ते नुकसान कोणी मोजत नाही. विरोध जरूर करा, पण "आमच्या आजीच्या काळी" नको.

भांडेवाडीचा_शेजारी
काऊन नको बाप्पा? आजी काही चिवडा चमचमत्या पाकिटात ठेवत नव्हती, बरणीत ठेवत होती.
इथल्या कचरा डेपोवरून वारा सुटला की तुमची पाकिटं आमच्या गच्चीवर येऊन राहिली. 2018 ला राज्याची प्लॅस्टिकबंदी आली, 1 जुलै 2022 ला केंद्राची. स्ट्रॉ गेले, काटे-चमचे गेले म्हणे. फरसाणाचं पाकीट जिथल्या तिथं. दुधाची पिशवी तरी भंगारवाला घेते, हे थरावर थर असलेलं पाकीट तो हातात धरत नाही. महिन्याभराच्या चिवड्यापायी आमच्या नातवापर्यंत टिकणारा कचरा, हा कोणता हिशेब?

पॉलिमरवाला
दोघंही एका गोष्टीत घोळ घालताय. वनस्पतीपासून बनलेलं आणि कुजणारं, या दोन वेगळ्या गोष्टी. उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिन बनतं, ते तुमच्या नेहमीच्या पिशवीइतकंच चिवट. उलट पीबॅट नावाचं प्लॅस्टिक बहुतेक पेट्रोलियमपासूनच होतं आणि तरी कुजतं. कंपोस्टेबल पिशव्यांत स्टार्चच्या जोडीला बरेचदा तेच असतं.

मक्याचं किंवा उसाचं प्लॅस्टिक, म्हणजे पीएलए, झटपट कुजायला साधारण 58 ते 60 अंश, ओलावा आणि नीट चालवलेला कंपोस्ट प्रकल्प लागतो. नाग नदीच्या गाळात ते वर्षानुवर्षं तसंच राहील. गंमत म्हणजे जवळपास तेवढ्याच तापमानाला ते मऊही पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीत ठेवून बघा.

चिवड्याचं म्हणाल तर पीएलए आणि स्टार्चच्या फिल्ममधून बाष्प सहज जातं. सेलोफेन, म्हणजे लाकडाच्या लगद्याची फिल्म, कोरडी असेपर्यंत प्राणवायू छान अडवते, पण ओलाव्यापुढे हात टेकते. म्हणून वर लेप द्यावा लागतो. बरंचसं संशोधन त्या लेपाशी अडलंय, कारण लेपच प्लॅस्टिकचा असेल तर आपण कुठून निघालो आणि कुठे आलो?

ताई, पाकिटावर आयएस 17088 (कुजणाऱ्या प्लॅस्टिकचं भारतीय मानक) आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा उल्लेख होता का?

घरचा_फराळ
हिरवं पान छापलं होतं. मी तेवढंच पाहिलं. चूक माझी.

कपाशीवाला
ऊस सांगली-कोल्हापूरचा, त्याचा चोथा आपण कशाला आणायचा? आमच्या वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, जळते, भंडारा-गोंदियात धानाचं तणस. दोन्हींत सेल्युलोज आहे, कागद आणि सेलोफेन ज्याचं बनतं ते. संत्र्याच्या सालीतून जॅम घट्ट करणारं पेक्टिन निघतं. पर्यावरण संशोधनाची नीरी नागपुरात, कापूस संशोधन संस्था नागपुरात, लिंबूवर्गीय फळांचीही इथंच. आणि आपण पाकिटं बाहेरून मागवून राहिलो!

पॉलिमरवाला
भाऊ, पऱ्हाटी फुकट दिसते तेवढी फुकट नाही. फुगीर माल, ट्रक भरतो पण वजन भरत नाही. लगदा करायला कॉस्टिक सोडा आणि पाणी लागतं, मग ते काळं सांडपाणी साफ करण्याचा खर्च. शिवाय गुलाबी बोंडअळी त्याच पऱ्हाटीत दबा धरून बसते, म्हणून ती लवकर वावरातून काढायला सांगतात. कारखान्याने वर्षभराची गंजी रचून ठेवली तर शेजारचे शेतकरी त्याला सोडतील का?

कपाशीवाला
गंजी कशाला? वावरातच कुट्टी करा आणि उचला. जाळून तरी काय मिळते, धूरच ना.

तर्रीपोहे
मी टपरीवाला. रद्दी पेपरात खायचं देणं 2018 च्या नियमानं बंद आहे, शाई पोटात जाते म्हणून. पळसाचे द्रोण आणतो. पोहे मस्त राहतात, तर्री मात्र टाक्यातून झिरपते. मग एकात एक दोन द्रोण लावतो. उसाच्या वाटीतून गळत नाही, पण तेल न झिरपण्यासाठी तिला काय लावलंय ते कोणी सांगत नाही.

पॉलिमरवाला
प्रश्न बरोबर. अशा भांड्यांत फ्लोरीनयुक्त रसायनं, पीएफएएस, वापरली गेली आहेत. ती निसर्गात जवळजवळ संपतच नाहीत. घेताना "पीएफएएसमुक्त" असं लेखी मागा. पळसाला ते मागावं लागत नाही.

घरचा_फराळ
बरं, थोडी मागे येते. या दिवाळीला जो स्वतःचा डबा आणेल त्याला किलोमागे दहा रुपये कमी. पुण्या-मुंबईचं पार्सल मात्र प्लॅस्टिकमध्येच जाईल.

भांडेवाडीचा_शेजारी
जाऊ द्या पुण्याला. तिथल्या गच्च्या मोठ्या असतील.