खारघरचा फ्लॅट, चार पोरं आणि एक करार: भाच्याला बूटकॅम्पला पाठवावं का?

कराडकर_मामा
नमस्कार मंडळी. भाच्याचा विषय आहे. वय १८ पूर्ण, मेकॅनिकल डिप्लोमाचं दुसरं वर्ष. बीजीएमआय खेळतो, म्हणजे फोनवरच्या पबजीचा भारतासाठी काढलेला अवतार. आम्ही टाइमपास समजत होतो, पण गेल्या महिन्यात एका ऑर्गचा फोन आला (ऑर्ग म्हणजे संघ चालवणारी कंपनी, मलाही आत्ताच कळलं). खारघरला थ्री बीएचके (यालाच ते बूटकॅम्प म्हणतात), त्यात चार खेळाडू, एक कोच, एक मॅनेजर. राहणं-जेवण त्यांचं, हातात महिना १५ हजार, करार एक वर्षाचा. ताई रडतेय, दाजी बोलतच नाहीत आणि भाचा म्हणतो, "मामा, तू समजाव त्यांना." गणपतीच्या आत उत्तर द्यायचंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. खेळावर माझा राग नाही. दोन रात्री त्याच्या शेजारी बसून बघितलंय, डोकं लागतं त्याला. राग आहे तो घरावर. खेळ फोनवरचा आहे ना? मग चौघं आपापल्या गावातून खेळू देत की. एका छपराखाली कशाला डांबायचं? कोणी राहून आलेलं असेल तर खरं सांगा.

दीडशहाणा
दुपारी बाराला उठायचं, फोन खेळायचा आणि वर १५ हजार. आमच्या वेळी याला वेगळं नाव होतं.

फोर_फिंगर_क्लॉ
मामा, मी राहून आलोय. नवी मुंबईतच, तेव्हा १९ वर्षांचा होतो.

फोन असला तरी घर का लागतं, ते ऐका. फायनलच्या लॉबीत, म्हणजे एकाच मॅचमध्ये, १६ संघ असतात, ६४ पोरं. झोन, म्हणजे नकाशावरची सुरक्षित जागा, सरकला की आयजीएलला, म्हणजे आमच्यातल्या कॅप्टनला, दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं की गाडी काढायची की बसून राहायचं. तेवढ्यात उरलेल्या तिघांनी काय दिसतंय ते त्याला सांगायचं. याला आम्ही कॉम्स म्हणतो. निशाणा घरी बसूनही सुधारतो, कॉम्स नाही सुधारत. घरी असताना मी दर फाइटला "इकडे इकडे, इकडे आहे!" असं ओरडायचो. इकडे म्हणजे कुठे, ते तिघांना देवच सांगू शकला असता. बूटकॅम्पला पहिल्याच आठवड्यात कोचने रेकॉर्डिंग लावून सगळ्यांसमोर ऐकवलं. लाजेने मेलो. दोन महिन्यांत "१४० वर, दगडामागे, एक नॉक, दुसरा रिव्हाइव्ह देतोय" असं न ओरडता बोलायला लागलो (१४० म्हणजे होकायंत्रावरची दिशा, नॉक म्हणजे पडलेला, रिव्हाइव्ह म्हणजे त्याला परत उठवणं). हे डिस्कॉर्डवरून (नेटवर बोलायचं ॲप) नाही होत. कोच पाठीमागे उभा असतो, खांद्यावर हात ठेवतो, तेव्हा होतं.

बाकी साध्या गोष्टी. आमच्या गावी लाइट जायची आणि लाइट असली की आई दार उघडून "जेवून घे आधी" म्हणायची. तिकडे दोन कंपन्यांच्या फायबर लाइनी, इन्व्हर्टर, प्रत्येकाला चांगला फोन. तीन ते सहा स्क्रिम्स (दुसऱ्या संघांशी सरावाच्या मॅचेस), नऊ ते बारा पुन्हा स्क्रिम्स, मग जेवण, मग दोनपर्यंत झालेल्या मॅचेस परत बघायच्या. दीडशहाणा, बाराला उठायचो ते यामुळे.

गंगावेश
मामा, कराडचे असून हा प्रश्न विचारताय? आमच्या कोल्हापुरात पोरगं पैलवान करायचं म्हटलं की तालमीत ठेवतात. गंगावेश घ्या, मोतीबाग घ्या, शाहूपुरी घ्या. बारा-तेरा वर्षांची पोरं पेटी-वळकटी घेऊन येतात. पहाटे चारला उठायचं, जोर-बैठका, माती, स्वतःची थंडाई स्वतः घोटायची. आई-बाप महिन्यातून एकदा दूध-तुपाचा डबा घेऊन भेटायला. त्याला कोणी डांबणं म्हणत नाही. एकत्र राहिल्याशिवाय खेळ अंगात मुरत नाही, मग तो मातीतला असो नाहीतर फोनवरचा.

आणि खाशाबा जाधव तुमच्याच गोळेश्वरचे. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार दिले. तेव्हाही कोणीतरी म्हणालंच असेल, कुस्तीसाठी कशाला एवढं?

काळा_कोट
उदाहरण तुम्हीच दिलंत ते बरं झालं. खर्डेकरांनी घर गहाण टाकलं आणि पोराला मोकळं सोडलं. मी वाचलेल्या करारांमध्ये ऑर्ग पोराला घर देते आणि गहाण पडतं ते पोरगंच.

गंगावेश
टाळ्या मिळतील अशा वाक्यावर. पण तालमीत करार नव्हता म्हणून पोरं सुखी होती असं वाटत असेल तर एकदा येऊन राहा.

पेठेतला_कॉट
मी सदाशिव पेठेत सहा वर्षं कॉट बेसिसवर काढली. दहा बाय बाराच्या खोलीत चौघं. सकाळी अभ्यासिका, दुपारी मेसचा पातळ वरण-भात, रात्री टपरीवर चहा आणि "यंदा जागा किती निघतील?" पूर्व दोनदा पास, मुख्य एकदाही नाही. या सहा वर्षांत एकाही मामाने धागा काढला नाही की पोराला पेठेत का डांबलंय! उलट गावी गेलो की "साहेब आले". आणि १५ हजार मला कोणी देत नव्हतं, वडील पाठवत होते. उसाचं बिल आलं की.

तेव्हा दुटप्पीपणा नको. चालू घडामोडी म्हणून सांगतो (जुनी सवय): २०२२ च्या डिसेंबरात ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे गेलं, २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याला पदकं होती आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता. एक वर्ष द्या पोराला. डिप्लोमा कुठे पळून जात नाही.

सोसायटी_सेक्रेटरी
खारघरमध्येच राहतो. आमच्या बिल्डिंगमध्ये असं एक घर होतं. रात्री दीडला पाचव्या मजल्यावरून "रिव्हाइव्ह दे रे, रिव्हाइव्ह दे, मरतोय मी!" ऐकू आलं आणि खालच्या जोशीकाकूंनी खरंच अँब्युलन्सला फोन लावला होता. बाकी पोरं सरळ. चौकशी करायला गेलो तर पाणी विचारलं, खुर्ची दिली. फक्त लिफ्टमध्ये कॅमेरा घेऊन शूटिंग करायची, ते बंद करायला लावलं.

फोर_फिंगर_क्लॉ
काका, माफी असावी, बहुतेक आम्हीच असू ते 😅

कॅमेऱ्यावरून आठवलं. मामा, हे घर नुसती तालीम नसतं, सेटसुद्धा असतं. मॅनेजरला आठवड्याला दोन व्लॉग हवे असायचे. स्क्रिम हरून आलो की पंधरा मिनिटांत "भाई लोग, आज किचन में प्रँक करते हैं". यात वाईट म्हणणार नाही, कारण बक्षिसांवर घरभाडं निघत नाही, व्ह्यूजवर आणि स्पॉन्सरवर निघतं. पबजी खेळणारा नमन माथूर म्हणजे मॉर्टल आपल्या नवी मुंबईचाच. त्याच्या सोल संघाने २०१९ ला हैदराबादला पीएमआयएस (पबजी मोबाइल इंडिया सिरीज) जिंकली ती ३० लाखांची. पण त्याला घराघरात ओळखतात ते यूट्यूबमुळे. तो अपवाद आहे हेही लिहितो. भाच्याला कॅमेऱ्यासमोर बोलता येतं का, हा प्रश्न त्याच्या निशाण्याइतकाच महत्त्वाचा आहे.

नाशिकची_स्नायपर
सगळे "पोरं पोरं" करताय म्हणून लिहिते. मी चार वर्षं खेळतेय, माझा संघ मुलींचा, चौघी चार शहरांत. आम्हाला कोणी थ्री बीएचके देत नाही आणि दिला तरी घरचे पाठवणार नाहीत. कॉम्स आम्ही हेडफोनवरच शिकलो. कोच आठवड्यातून दोनदा ऑनलाइन रेकॉर्डिंग ऐकतो आणि तिथेही लाज तेवढीच वाटते, खांद्यावर हात लागत नाही म्हणून कमी नाही वाटत.

"घराशिवाय होत नाही" हे एकदा सगळ्यांनी मान्य केलं की मोठ्या संघाच्या निवडीत आमचं नाव यादीतूनच जातं. विचारायचीही गरज उरत नाही. गंगावेश दादा, तुमच्या तालमीतही मुली खूप उशिरा आल्या, त्याचं कारणही हेच होतं ना?

गंगावेश
ताई, हे खरं आहे. याला उत्तर नाही माझ्याकडे.

सोलमधली_सोलकढी
नोकरीनिमित्त सात वर्षं दक्षिण कोरियात, सोलमध्ये आहे (आयडीवर हसून झालं असेल तर पुढे वाचा). ही एकत्र राहायची पद्धत इथली. २००० च्या आसपास स्टारक्राफ्टचे (कॉम्प्युटरवरचा युद्धाचा खेळ) संघ असेच फ्लॅटमध्ये राहायचे, बंक बेड, दिवसाला दहा-बारा तास सराव. जग जिंकलं त्यांनी, नाकारण्यात अर्थ नाही. लीग ऑफ लेजेंड्स खेळणारा फेकर २०१३ ला शाळा सोडून संघात आला आणि सहा जागतिक विजेतेपदं घेऊन बसलाय. हांगझोऊच्या सुवर्णपदकाने त्याच्यासकट कोरियाच्या संघाला सक्तीच्या लष्करी सेवेतून सूटही मिळाली.

पण दुसरी बाजू इथलीच. २०१० मध्ये स्टारक्राफ्टमध्ये मॅच फिक्सिंग उघड झालं, मोठमोठी नावं त्यात होती. २०१६ च्या ऑक्टोबरात चौदा वर्षं चाललेली स्टारक्राफ्टच्या संघांची स्पर्धा, प्रोलीग, बंद झाली आणि सातपैकी पाच संघ विसर्जित. पंचविशीतली मुलं, बायोडेटात लिहायला काही नाही. फेकरचंही २०२३ च्या उन्हाळ्यात मनगट-हात दुखावला तेव्हा त्याला काही आठवडे बसावं लागलं. त्याच्या मागे डॉक्टरांची फौज होती. खारघरच्या फ्लॅटमध्ये फिजिओ येतो का?

आता बाहेर बरेच संघ राहणं आणि सराव वेगळं करतात. अमेरिकेत टीम लिक्विडने २०१८ ला सांता मोनिकात सरावाची वेगळी जागा केली. सकाळी जायचं, काम करायचं, संध्याकाळी आपल्या घरी. मामांचा मुद्दा तोच आहे, फक्त त्यांनी तो कराडहून मांडला.

पेठेतला_कॉट
खारघरमध्ये १५ हजारांत स्वतःचं घर घेऊन राहील का पोरगा? सांता मोनिका म्हणे.

फोर_फिंगर_क्लॉ
प्रोलीगचं वाचून लिहायचं नव्हतं ते लिहितो.

२८ जुलै २०२२. संध्याकाळी स्क्रिमच्या मधल्या ब्रेकमध्ये कोणीतरी म्हणालं, प्ले स्टोअरवर गेम दिसत नाहीये. आम्हाला वाटलं अफवा. २०२० ला पबजी गेला होता, पण हा तर भारतासाठी वेगळा काढलेला. ज्यांच्या फोनमध्ये होता त्यांचा चालू होता, त्यामुळे त्या रात्रीही आम्ही स्क्रिम खेळलो. पूर्ण खेळलो! पुढचे काही दिवस खेळतच होतो, कशासाठी ते कोणी विचारलं नाही. मग स्पर्धा रद्द होत गेल्या. ऑर्गने दोन महिने ओढलं, पगार एक महिना दिला. एके दिवशी मॅनेजर आला आणि म्हणाला, आठवड्यात खोल्या रिकाम्या करा. चांगला माणूस होता, मान खाली घालून बोलला.

नोकरी गेली हे कळायला वेळ नाही लागला. पण नोकरी, घर, जेवण आणि चार मित्र एकाच मंगळवारी गेले, हे समजायला बरेच महिने लागले. गेम परत आला तो २०२३ च्या मेअखेरीस, दहा महिन्यांनी. तोवर मी वडिलांच्या आडत दुकानात वजनं लिहीत होतो आणि अंगठ्याची सवय गेली होती.

पेठेतला_कॉट, तुमची पूर्व गेली तरी कॉट तुमची राहायची. तो फरक आहे. तरीही मामा, मी पाठवा म्हणेन. त्या घरातले आठ महिने मी परत जगायला तयार आहे.

काळा_कोट
म्हणून कागद बघा, मामा. गेल्या दोन वर्षांत असे तीन करार वाचायला आले, त्यांतल्या एकात सोडायचं तर पाच लाख "बायआउट" होता आणि पगार होता दहा हजार.

भाचा १८ पूर्ण आहे, म्हणजे सही त्याची आणि जबाबदारीही त्याचीच. १७ चा असता तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाचा, म्हणजे १८ च्या आतल्याचा, करार मुळात निरर्थक, आणि म्हणून काही जण वाढदिवसाची वाट बघून फोन करतात, तुमच्याकडे काय झालं ते तुम्हीच बघा. करार संपल्यावरही "अमुक महिने दुसऱ्या संघाकडून खेळायचं नाही" असं कलम असेल तर ते कलम २७ पुढे सहसा टिकत नाही, पण पोराला ते माहीत नसतं आणि घाबरवायला तेवढं पुरतं.

माझी मुख्य भीती घराचीच. फ्लॅटचा भाडेकरार ऑर्गच्या नावावर. पोराला बेंचवर बसवलं की त्याचा त्या खोलीवर काडीचा हक्क नाही. एक ओळ लिहून घ्या: संघातून काढलं तरी ३० दिवस राहायला मिळेल आणि त्या महिन्याचा पगार मिळेल. ही ओळ लिहायला जो नाही म्हणेल, त्याच्याकडे पाठवू नका. यूट्यूब चॅनल कोणाच्या नावावर, हेही विचारा. आणि २०२५ च्या कायद्याने पैशाच्या खेळांच्या जाहिरातीही बंद केल्यात, तेव्हा जर्सीवर कोणाचं नाव आहे, म्हणजे भाडं कोण भरतंय, ते बघून घ्या.

दीडशहाणा
हे वाचून माझा मुलगा म्हणतोय बाबा मलाही पाठवा. धागा बंद करा कोणीतरी.

कराडकर_मामा
सगळ्यांचे आभार. रात्री ताईला आणि दाजींना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. जोशीकाकूंच्या अँब्युलन्सवर ताई महिन्याभरात पहिल्यांदा हसली. २८ जुलैचं वाचलं तेव्हा भाचा उठून आत गेला.

माझा राग अजून घरावरच आहे, पण आता कशाचा आहे ते कळलं. एकत्र राहण्याचा नाही. किल्ली दुसऱ्याच्या खिशात असण्याचा. ३० दिवसांची ओळ मागितलीय, मॅनेजर "विचारून सांगतो" म्हणाला. कॉलेजात एक वर्षाचा खंड घेता येतो का ते दाजी उद्या विचारणार आहेत, म्हणजे दाजी बोलायला लागले. येत्या रविवारी आम्ही दोघं फ्लॅट बघायला खारघरला येतोय. सकाळची एसटी धरली तर दुपारी पोचू.

सोसायटी_सेक्रेटरी
मामा, तीनच्या आत पोचा. स्क्रिम सुरू झाली की बेल कितीही वाजवा, दार कोणी उघडत नाही. आणि गाडी आणणार असाल तर व्हिजिटर पार्किंग नाही, आधीच सांगतो.