मदत हवी आहे : वादळात छप्पर उडू नये म्हणून काय करावं?

श्रीवर्धनजवळचं घर. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात छप्पर गेलं, तेव्हा घाईत तसंच परत बसवलं. आई-बाबा तिथेच असतात. वेल्डर म्हणतो जे-हुक (पत्रा खालच्या पाइपाला धरणारे आकडे) जवळजवळ मारू, शेजारी म्हणतात स्लॅब टाका. मिस्त्री सोमवारी येतोय. लवकर सांगा.

आगरवाडी : स्लॅबच टाका. आम्ही टाकला, तौक्तेत घरात निवांत बसलो होतो.

ओळंबा : थांबा. भिंती कशाच्या? पत्रा की कौलं? खाली लाकूड की लोखंड? दोपाखी (दोन उतारांचं) की चौपाखी?

धागाकर्ता : जांभा चिरा, जुनं बांधकाम. पत्रा, दोपाखी. बाकी नेहमीसारखंच.

ओळंबा : जुना चिरा मातीत बांधलेला असेल तर स्लॅबचं वजन त्यावर टाकू नका. आगरवाडी, तुमच्याकडे कॉलम असणार.

आगरवाडी : हो, कॉलम आहेत. पण चिरा काही कच्चा नसतो. आमच्या आजोबांचं घर अजून उभं आहे.

बागायतदार : घरावर झुकलेला माड आधी उतरवा. आमच्या पडवीवर माडच पडला. आणि पंचनाम्यासाठी आत्ताच घराचे फोटो काढून ठेवा.

ओळंबा : माडाचं नंतर. नुसता पत्रा उडाला होता की सांगाडाही?

धागाकर्ता : पाइपांसकट उचलला. पाइप भिंतीवर सिमेंटात बसवलेत.

ओळंबा : हेच विचारत होतो! मग हुक कितीही मारा, सांगाडा भिंतीला धरलेलाच नाही. वारा छपरावरून जाताना ते वर ओढतो, कडेला आणि आढ्यापाशी सर्वांत जास्त. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. भिंतीच्या माथ्यावर आरसीसी (सळ्या घातलेल्या काँक्रीटचा) पट्टा, त्यातून वर काढलेले बोल्ट आणि त्यावर सांगाडा जोडायची लोखंडी बेस प्लेट, हा खरा उपाय.

टॅम्पाकर : इकडे फ्लोरिडात १९९२च्या अँड्र्यू वादळानंतर नियम कडक झाले. छपराची प्रत्येक कैची (छप्पर पेलणारी त्रिकोणी चौकट) भिंतीला जस्त चढवलेल्या पोलादी पट्टीने बांधतात. वाऱ्याकडचं दारही भक्कम हवं. ते तुटलं की हवा आत घुसून छपराला खालून ढकलते.

बागायतदार : उलट, दाब निघून जायला खिडक्या उघड्या ठेवायच्या ना?

टॅम्पाकर : अजिबात नाही. सगळं घट्ट बंद.

धागाकर्ता : सोमवारचं सांगा ना कोणीतरी! पट्टा पावसाआधी होईल का?

ओळंबा : छप्पर उतरवून पट्टा ओतायचा, पाणी मारायचं, आता घाई होईल. तो दिवाळीनंतर करा. यंदा प्रत्येक कैचीपासून भिंतीवर दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी खाली आणा, चिऱ्याचे चार-पाच थर खाली आरपार बोल्टने आवळा. म्हणजे छपराला भिंतीचं वजन मिळतं. पडवीचा पत्रा मुख्य छपरापासून सुटा करा. ती गेली तरी घर राहील.

धागाकर्ता : पट्टी आणि बोल्ट कोणत्या मापाचे सांगू?

ओळंबा : कैच्यांमधलं अंतर, घराची रुंदी आणि भिंतीची जाडी मोजून टाका, आतून फोटोही. त्याशिवाय माप सांगणार नाही.