शहादा तालुक्यातल्या गावाची जुनी लोकसंख्या कुठं मिळेल?

तापीकाठ:
राम राम मंडळी. आमचं गाव गोमाईच्या काठाला. गावचा इतिहास लिहायला घेतलाय पण गाडी लोकसंख्येतच अडकली. २०११ च्या जनगणनेचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकाशी जुळत नाही, आणि म्हातारी माणसं म्हणतात गाव आधी नदीकडं होतं, पुरामुळं वर सरकलं. १९५१ च्या आधीचं काही मिळतं का?

खान्देशी_भो:
भो, जनगणना महसुली गावानुसार असते, ग्रामपंचायतीनुसार नाही. गट ग्रामपंचायत असेल तर फलकावर दोन-तीन गावांची बेरीज असणार. आणि एका नावाची गावं आपल्याकडं ढीगभर, मोहिदे तर्फ हवेली वेगळं, मोहिदे तर्फ शहादा वेगळं. यादीत नुसतं त.ह. वगैरे असतं, तिथंच लोक फसतात.

सातपुडा७७:
२०११ ची मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारीला. फेब्रुवारीत पाड्यावर असतं कोण? टोळ्या ऊसतोडीला गेलेल्या, घरी म्हातारी माणसं आणि कोंबड्या. नियम असा की त्या पूर्ण काळात जो घरी फिरकलाच नाही त्याला घरी धरायचं नाही, जिथं सापडेल तिथं मोजायचं, म्हणजे आपला माणूस गुजरातेत उसाच्या फडात मोजला गेला नाहीतर कुठंच नाही. रेशनकार्डावर माणसं जास्त दिसतात ते यामुळं पण.

जुनं_दप्तर:
जुनं सगळं पश्चिम खान्देश नावाखाली शोध. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ चा, त्याआधी धुळे, आणि १९०६ च्या आधी तर एकच खान्देश. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात चक्कर मार. पण खरा माल तहसीलच्या रेकॉर्ड रूममधे, कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूच्या नोंदी. लोक ते फक्त जातपडताळणीपुरतं काढतात. १९१८ ची पानं शाबूत असतील तर बघच, इन्फ्लुएन्झाचं वर्ष ते.
आणि गाव सरकलं का ते शेतात बघ. नदीकडं पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची पांढुरकी माती, आहे का? नांगरट झाल्यावर पहिल्या पावसात खापरं, बांगड्यांचे तुकडे उघडे पडतात. गोमाई तापीला मिळते तिथं प्रकाशाचं टेकाड १९५५ ला खणलं तर ताम्रपाषाण काळातली वस्ती निघाली, तुमचं गाव त्याच नदीवर.

तापीकाठ:
पांढरी आहे ना! आमच्याच भाऊबंदांचं शेत, खापरं वेचून बांधावर फेकतात. आणि हो, पंचायत गटाचीच आहे. जुन्या नोंदी मोडी लिपीत निघाल्या तर वाचणारं कोणी शहाद्याकडं आहे का?