६६०० की ३०५०? वीस हजारांतल्या ग्राफिक्स कार्डाचे घरचे अनुभव

कोपरी, ठाणे पूर्व (धागा काढणारा)

बारावीच्या निकालाआधी मी भाच्याला बोलून बसलो होतो, "पंच्याऐंशीच्या वर गेलास तर ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र काढणारा कॉम्प्युटरचा वेगळा भाग) मामाकडून." पोरगा ८७ घेऊन आला, आता इंजिनिअरिंगला आहे. ताई हसतेय, दाजी "कशाला उगाच लाड" म्हणतायत आणि मी खिसा चाचपतोय.

बजेट वीस हजार, ताणलं तर एकवीस. मशीन असं: आय५ १२४०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ७५ हर्ट्झचा (सेकंदाला ७५ चित्रं दाखवणारा) फुल एचडी मॉनिटर, ४५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. आतापर्यंत ऑनबोर्डवरच, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवरच, भागवत होता.

शोधून शोधून दोन नावांवर आलोय: एएमडीचं आरएक्स ६६०० आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५०. कागदावर सख्खे भाऊ वाटतात. दोन्हींत ८ जीबी मेमरी, दोन्हींचा मेमरीचा रस्ता १२८ बिट रुंद, एक १३२ वॅट खातं, दुसरं १३०. पहिलं ऑक्टोबर २०२१ चं, दुसरं जानेवारी २०२२ चं. अमेरिकेत बाजारात आली तेव्हा मात्र ६६०० ची किंमत ३२९ डॉलर होती आणि ३०५० ची २४९, म्हणजे ६६०० मूळचं वरच्या पंगतीतलं. इकडे मला दोन्ही जवळपास एकाच भावात सांगतायत, तिथेच गोंधळ आहे.

यूट्यूबचे तक्ते पाहून डोळे दुखले. तुमच्या घरी, तुमच्या टेबलाखाली काय झालं ते सांगा.

ऐरोली

मामा, माझ्याकडे ६६०० आहे आणि रबाळ्याच्या मित्राकडे ३०५०, ८ जीबीवालं. एका शनिवारी तो कार्ड टॉवेलात गुंडाळून, बॅगेत घालून माझ्याकडे आला. दुपारभर आम्ही एकाच मशीनमध्ये दोन्ही आलटूनपालटून लावली. ड्रायव्हर पुसा, रिस्टार्ट करा, पुन्हा टाका. आई दर तासाला डोकावून "अजून उघडंच?" विचारत होती.

सायबरपंक, फुल एचडी, हाय सेटिंग, सोबत काही जादू (लहान चित्र काढून मोठं करायची युक्ती) न लावता: माझ्यावर सेकंदाला ६५ फ्रेमच्या आसपास, त्याच्यावर पन्नाशीही नाही. रेड डेड २ मध्येही साधारण तेवढाच फरक. जीटीए ५ मध्ये दोन्ही शंभरीपार, तुझ्या ७५ हर्ट्झवर फरक दिसणारच नाही. व्हॅलोरंटचं तर विचारूच नका, ते प्रोसेसरवर पळतं.

मित्राने ट्रेनमध्ये बसल्यावर मेसेज केला, "उगाच आलो."

नेरुळ

मी वडील या नात्याने लिहितोय, गेमर म्हणून नाही. मुलाने चिठ्ठीवर '३०५०' लिहून दिलं, मी ऑनलाइन ३०५० मागवलं. स्वस्त मिळालं म्हणून घरी फुशारकीही मारली. खोका उघडल्यावर मुलाचा चेहरा पडला. कोपऱ्यात '६ जीबी' लिहिलं होतं.

नाव तेच, माल वेगळा. हे कार्ड फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं. ८ जीबीवाल्यात २५६० कोअर, यात २३०४. तिथे १२८ बिट, इथे ९६. मेमरीचा वेग सेकंदाला २२४ जीबीवरून १६८ वर. कपात फक्त २ जीबीची नाही, पूर्ण कार्डच धाकटं आहे. भाजीवाल्याने हापूसच्या पेटीत पायरी भरली तर आपण भांडतो, इथे पेटीवर छापलेलंच असतं, भांडणार कुणाशी? विक्रेत्याने "वर्णन नीट वाचायचं होतं" म्हणून परत घ्यायला नकार दिला. तेव्हा चिठ्ठी लिहिताना जीबीसकट लिहा.

कळवा

नेरुळच्या काकांनी ज्याला शिव्या घातल्या त्या धाकट्यानेच माझी अब्रू राखली. माझ्याकडे कंपनीच्या लिलावातून घेतलेलं जुनं ऑफिस मशीन आहे, आडवं, पुस्तकाएवढ्या जाडीचं. त्याच्या एसएमपीएसला कार्डाला वीज देणारी आठ पिनांची वायरच नाही आणि बाजारचा दुसरा एसएमपीएस त्यात बसतही नाही. ६ जीबीवालं ३०५० फक्त ७० वॅट घेतं, ते मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळतात, वेगळी वायर नको. बुटक्या पट्टीचं मॉडेल घेतलं, खोचलं, चाललं. अशा मशीनवाल्यांनी ६६०० चं नावही काढू नये.

वाशी

माझा धंदा थ्रीडीचा आहे, गेम रात्री. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ३०५० ऑप्टिक्सवर (एनव्हिडियाची स्वतःची रेंडर पद्धत) रेंडर करतं आणि तिथे ६६०० मागे पडतं. ६६०० वर ब्लेंडर चालतच नाही असं काही जण छातीठोक सांगतात ते खोटं आहे, आवृत्ती ३ पासून चालतं. पण रोजचं पोट त्यावर असेल तर एनव्हिडियाच. खेळता खेळता रेकॉर्डिंग किंवा स्ट्रीम करणार असाल तरी एनव्हिडियाचा एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग) उजवा, कमी बिटरेटवर चित्र कमी फाटतं.

भाचा इंजिनिअरिंगला कुठल्या शाखेत आहे? कॉम्प्युटरला असेल आणि पुढे कूडाशी (एनव्हिडिया कार्डावर प्रोग्रॅम चालवायची पद्धत) खेळायचं असेल तर हा विचार आत्ताच करा. मेकॅनिकलला असेल तर ऐरोलीकराचं ऐका.

सानपाडा

ऐरोलीच्या दादाने "जादू न लावता" म्हटलं, पण जादू लावूनच खेळतात की सगळे! माझ्याकडे ८ जीबीवालं ३०५० आहे. मी गोष्टीवाले, मोठे गेम खेळते, सावकाश, झाडंपानं बघत. फुल एचडीला डीएलएसएस (एनव्हिडियाची जादू) क्वालिटीवर लावलं की कार्ड आतून ७२० पी चंच चित्र काढतं आणि मोठं करून दाखवतं. आधी ते थोडं पुसट वाटायचं. जानेवारी २०२५ मध्ये डीएलएसएसचं नवं मॉडेल आलं, ते जुन्या आरटीएक्स कार्डांनाही मिळालं, आणि तारांचं कुंपण, गवताची पाती, लांबचे विजेचे खांब एकदम स्थिर झाले. फुकटात.

ताईच्या घरी ६६०० आहे. तिथे एफएसआर (एएमडीची जादू) लावलं की फुल एचडीला पात्यांवर मुंग्या चालल्यासारखं होतं. एकदा दिसलं की दिसतच राहतं. त्याची नवी आवृत्ती एफएसआर ४ त्या कार्डाला एएमडीने अधिकृतपणे दिलेलं नाही. अर्थात प्रत्येक गेममध्ये डीएलएसएस नसतं, आणि नसेल तिथे माझं कार्ड दमतं, हे कबूल.

रे ट्रेसिंगसाठी (खऱ्यासारखा प्रकाश आणि सावल्या) म्हणून मात्र ३०५० घेऊ नका. ते बटण आहे, दाबता येतं, एवढंच.

कोपरखैरणे

मी सेकंडहँड ६६०० घेतलं, ते सविस्तर सांगतो, कारण भाव ऐकून तुम्हालाही मोह होईल.

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगचा (ग्राफिक्स कार्डं रात्रंदिवस चालवून नाणी कमवायचा) मार्गच बंद केला आणि पुढचे कित्येक महिने वापरलेली कार्डं पोत्याने बाजारात आली. ६६०० वीज कमी खायचं म्हणून मायनिंगवाल्यांचं लाडकं. मला साडेदहा हजारांत मिळालं. विकणारा म्हणाला, "भाऊ, घरचं वापरलेलं आहे, फक्त गेमिंग." कार्ड चकचकीत पुसलेलं. पण पट्टीच्या स्क्रूंवर हिरवट पावडर होती, पाण्याच्या जुन्या नळावर येते तशी. मी पाहिली आणि सोडून दिली. खाडीकाठी राहणाऱ्याला गंज नवा नाही, असं मनात म्हटलं.

दोन महिने झकास. मग एका रात्री टेबलाखालून घुंगरू वाजल्यासारखा आवाज. डावा फॅन बोटाने फिरवला तर पातं वरखाली डुगडुगत होतं, बेअरिंग गेलेलं. उघडलं तर मेमरीवरचे, उष्णता बाहेर नेणारे थर्मल पॅड वाळून बिस्किटासारखे, हात लावला की भुगा. फॅनची जोडी, पॅड, पेस्ट आणि मजुरी मिळून सतराशे गेले. त्यानंतर आजपर्यंत एकदाही अडलेलं नाही. म्हणजे हिशेबाने मी फायद्यातच आहे. पण वॉरंटी शून्य, आणि त्या दोन महिन्यांत चिप गेली असती तर साडेदहा हजार खाडीत.

घेणारच असाल तर विकणाऱ्याच्या घरी जा, अर्धा तास गेम चालवून घ्या, आणि फॅनच्या मधोमध बोट ठेवून हलवून पाहा. "घरी नको, स्टेशनवर भेटू" म्हणाला तर परत फिरा.

खारघर

नवीन ६६०० लावून आठ दिवस "काहीच फरक नाही, फसवलं" म्हणत दुकानदाराशी भांडलो. मॉनिटरची केबल कार्डाला नाही, मदरबोर्डलाच होती. दुकानदाराची माफी मागून झाली आहे.

घोडबंदर रोड

कार्ड कुठलंही घ्या, आमच्याकडे खरा शत्रू धूळ. मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून खिडकी उघडली की संध्याकाळी टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. माझ्या ६६०० चा हॉटस्पॉट (चिपवरचा सगळ्यात तापणारा भाग) गेल्या मे महिन्यात ९६ अंशांना गेला, फॅन विमानासारखे. कॅबिनेट उघडलं तर हीटसिंकवर राखाडी गालिचा. रंगाचा नवा ब्रश आणि ब्लोअर घेऊन साफ केलं, ७९ वर आला. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने गरगर फिरवू नका, बेअरिंगची वाट लागते.

वीजबिलाची भीती घालणाऱ्यांसाठी: रोज तीन तास खेळलं तरी १३० वॅटने महिन्याला बारा युनिटच्या आत. दोन्ही कार्डांत दोन वॅटचा फरक, त्यावर वाद घालू नका.

वर्तकनगर

मी पंधरा वर्षं रिपेअरिंग करतो. एवढे सगळे कार्डावर बोलले, धागा काढणाऱ्याने लिहिलेला '४५० वॅटचा एसएमपीएस' कुणी वाचलाच नाही.

६६०० साठी एएमडी ४५० वॅटच सुचवते, ३०५० ला एनव्हिडिया ५५०. त्यामुळे तुम्ही निर्धास्त असाल. पण स्टिकरवर मोठ्या अक्षरात जे लिहिलेलं असतं त्याला मी लग्नपत्रिकेतला 'आहेर आणू नये' म्हणतो. कोणी मनावर घेत नाही. खाली बारीक तक्ता असतो. त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर आहेत ते बघा आणि १२ ने गुणा. कार्ड आणि प्रोसेसर दोघांचं जेवण त्याच ताटातून. तुमचं कार्ड १३०-१३२ खाणार, १२४०० जोरात धावला की ११७ पर्यंत जातो. म्हणजे अडीचशे तिथेच झाले, वर पंखे, डिस्क वेगळे.

आठ पिनांची वायर नसेल तर दुकानात दीडशे रुपयांचं कनव्हर्टर काढून देतात, जुन्या हार्ड डिस्कच्या चार पिनांवरून आठ पिना. तेही घेऊ नका. माझ्या ड्रॉवरमध्ये असे तीन आहेत, पिवळ्या वायरीपाशी प्लॅस्टिक वितळून पिनेला चिकटलेलं. गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवलेत.

कोपरी, ठाणे पूर्व

मंडळी, काल रात्री जेवण झाल्यावर मी आणि भाचा बसलो. एसएमपीएसचं स्टिकर नेमकं आतल्या बाजूला होतं, चार स्क्रू काढून आख्खा डबा बाहेर ओढावा लागला. मोबाइलचा टॉर्च मारून मी वाचलं: १२ व्होल्ट, १६ अँपिअर. मी कॅलक्युलेटर उघडेपर्यंत भाचा म्हणाला, "मामा, १९२." आठ पिनांची वायर नव्हतीच.

शाखा मेकॅनिकल, त्यामुळे वाशीकरांचा प्रश्न निकालात निघाला. सानपाड्याच्या ताईंचा मुद्दा मी त्याला वाचून दाखवला, तर म्हणाला, "मी पानं बघत नाही, मामा, मला गाडी चालवायची असते." तेव्हा ६६००, नवीन, वॉरंटीसकट. १९,४०० सांगितलेत. ५५० वॅटचा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस साडेतीन हजारांच्या पुढे, म्हणजे माझं गणित फसलं होतं. दाजी शेजारी पेपर वाचत बसले होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "तो डबा माझ्याकडून."

रविवारी लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात बहुतेक दुकानं बंद, म्हणून शनिवारी सकाळीच निघतोय, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. कुणाला थर्मल पेस्ट वगैरे आणायची असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा. आणि खारघरकर, केबल कार्डालाच लावतो.