बीकेसीचा पत्ता भाड्याने घेऊन धंदा मोठा होत नाही

ठाण्याची_सीए
उद्योजकांच्या एका गटात पोस्ट फिरतेय: 'ऑफिसवर पैसे उधळू नका. बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) व्हर्च्युअल ऑफिस घ्या, झटपट जीएसटी नंबर, कार्डावर वजनदार पत्ता, कटकट शून्य.' खाली 'डिटेल्स पाठवा' म्हणणाऱ्यांची रांग, त्यात माझे क्लायंटही दिसले. म्हणून सविस्तर लिहिते.

व्हर्च्युअल ऑफिस, म्हणजे रोज बसायची जागा नाही, नुसता भाड्याचा पत्ता, घेणं बेकायदा नाही. पण 'कटकट शून्य' धादांत खोटं आहे. जीएसटीच्या नियम 25 खाली अधिकारी प्रत्यक्ष जागेवर येऊ शकतो, फोटोसकट अहवाल पोर्टलवर चढवतो. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात अधिकारी गेला तेव्हा रिसेप्शनवरचा मुलगा म्हणाला, 'या नावाची कंपनी इथे नाही.' नवीन लागला होता, यादीच नव्हती त्याच्याकडे. नोटीस निघाली, उत्तराला सात कामकाजी दिवस. ती गेली नोंदणी करून देणाऱ्या एजंटच्या ईमेलवर. नंबर रद्द! मग गिऱ्हाइकांनी पेमेंट अडवलं, कारण त्यांचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, अडकणार. नंबर परत मिळाला, पण तोवर सगळ्यात मोठं गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं होतं.

प्रायव्हेट लिमिटेडवाल्यांनी कंपनी कायद्याचं कलम 12 वाचा. नोंदणीकृत कार्यालयात पत्रव्यवहार स्वीकारला गेला पाहिजे, बाहेर नावाची पाटी पाहिजे, स्थानिक भाषेतही. चुकलात तर दिवसाला 1000 रुपये, कमाल एक लाख. कंपनी धंदा करत नाही असा संशय आला तर रजिस्ट्रार पडताळणीला माणूस पाठवू शकतो.

डोंबिवलीतल्या घराच्या पत्त्यावरही नोंदणी होते. लाइटबिल आणि मालकाचं संमतीपत्र द्या, झालं. कागद तुमच्या हातात पडेल तो तुमचा पत्ता.

सोलापूर_टॉवेल
ताई, ठाण्यात बसून हे बोलणं सोपं आहे. आम्ही सोलापुरातून हॉटेलांना टॉवेल पुरवतो. एका मोठ्या हॉटेलच्या खरेदी विभागात माझ्या कोटेशनवरचा एमआयडीसीचा पत्ता बघून साहेब म्हणाले, 'मुंबईत कोणी आहे का तुमचं?' पुढच्या वेळी बीकेसीचा पत्ता टाकला, सॅम्पल मागवले. माल तोच, भाव तोच. मग चूक माझी की त्या साहेबांची?

ठाण्याची_सीए
चूक साहेबांची, शंकाच नाही. पण पोस्ट जीएसटी नंबरचं आमिष दाखवतेय आणि तुमचा नंबर महाराष्ट्राचाच आहे. राज्याला एक नोंदणी पुरते. बीकेसीची जागा तुम्ही त्यात जोडलीत की नाही?

सोलापूर_टॉवेल
नाही. फक्त टपाल आणि मीटिंग रूम.

ठाण्याची_सीए
मग तुमच्याशी भांडण नाही. माझं भांडण तोच पत्ता नोंदणीत धंद्याची मुख्य जागा म्हणून लावणाऱ्यांशी आहे.

फोर्टचा_जुना
मुळात बीकेसीच का? मिरवायचंच असेल तर दक्षिण मुंबईत, फोर्टात या. हॉर्निमन सर्कलजवळच्या गल्ल्यांत छोट्या खोल्या मिळतात. शेअर बाजार, हायकोर्ट, रिझर्व्ह बँक पायी अंतरावर. आमची फर्म वडिलांपासून तिथेच, गिऱ्हाईक पत्ता न विचारता येतं.

काचेतला_माणूस
काका, तुमची जागा पागडीची असणार, म्हणजे जुन्या काळी एकरकमी पैसे देऊन घेतलेली, नाममात्र भाड्याची. आज नवीन माणूस फोर्टात गेला तर लिफ्ट बंद, जिन्यात वायरींचं जाळं, पावसाळ्यात छत गळतं आणि दुरुस्ती कोणी करायची यावर मालक-भाडेकरूंची कोर्टबाजी. मी बीकेसीत मॅनेज्ड ऑफिसमध्ये टीमसह बसतो. वीज, इंटरनेट, सफाई एका बिलात. बाजाराची नियामक सेबी आणि एनएसई हा दुसरा शेअर बाजार, दोन्ही इथेच. वित्तक्षेत्रातला माणूस आता फोर्टात काय करणार?

कल्याण_फास्ट
तुम्ही बीकेसीत बसता, तुमची टीम तिथे पोचते कशी हे कधी विचारलंत? मी नोकरी तिथेच करायचे. कल्याणहून कुर्ला, कुर्ल्याला पश्चिमेकडे उतरून शेअर रिक्षाची रांग. संध्याकाळी सातनंतर रिक्षावाले 'शेअर नाही, स्पेशल' म्हणायचे. 310 नंबरची बस आली तर आत पाय ठेवायला जागा नाही. ऑगस्ट 2024 मध्ये सायनचा पूल पाडायला बंद केला आणि उरलासुरला रस्ताही तुंबला. आता फोर्टात आहे. सीएसएमटीला उतरते, चालत ऑफिस.

काचेतला_माणूस
मेट्रो 3 सुरू झाली आहे. जुन्या गोष्टी किती दिवस उगाळणार?

कल्याण_फास्ट
मेट्रो 3 कुर्ला स्टेशनला येत नाही. ऑक्टोबर 2024 ला आरे ते बीकेसी सुरू झाली, ऑक्टोबर 2025 ला कफ परेडपर्यंत गेली. अंधेरी-दादरवाल्यांना फायदा झाला, मान्य. कल्याण, डोंबिवली, बदलापूरच्या बायकांनी काय करायचं? सीएसएमटीपर्यंत जाऊन उलटं बीकेसीला यायचं? मग फोर्टातच का नको?

फोर्टचा_जुना
अगदी हेच म्हणत होतो.

काचेतला_माणूस
काका, तुम्ही पागडीत जवळजवळ फुकट बसता, तुम्ही बाजार शिकवू नका. आणि ताई, रिक्षा मिळत नाही म्हणून जागा वाईट ठरत नाही. एमएमआरडीए या विकास प्राधिकरणाने दलदलीतून हे उभं केलं, हिरे बाजार 2010 ला इकडे आला तो उगाच नाही.

कल्याण_फास्ट
हिरे बाजाराचे मालक गाडीने येतात हो! त्यांच्याकडे हिशेब लिहिणारी मुलगी रिक्षाच्या रांगेत उभी असते. माझ्या हाताखालची चांगली मुलगी याच प्रवासापायी नोकरी सोडून गेली, पगारवाढ देऊनही थांबली नाही. जागा निवडताना ब्रोकर कार्पेट एरिया दाखवतो, पार्किंग दाखवतो, स्टेशन ते दार हे अंतर कोणी दाखवत नाही. तुमच्यासारख्यांना ते दिसतही नाही, आणि वर 'उगाळता' म्हणता!

काचेतला_माणूस
शब्द मागे घेतो. आमच्याकडेही कल्याण बाजूचं कोणी टिकत नाही, हे खरं आहे. पण जागा बदलणार नाही, लॉक-इन, म्हणजे करारात न सोडण्याची ठरलेली मुदत, बाकी आहे.

ब्रोकर_परळ
कार्पेटचा विषय निघालाच आहे तर ऐका. कोटेशन चार्जेबल एरियावर येतं, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून, आणि प्रत्यक्ष वापरायला मिळणारा कार्पेट एरिया त्याहून कितीतरी कमी. वर मेंटेनन्स वेगळा, भाड्यावर 18 टक्के जीएसटी, लॉक-इनमध्ये निघालात तर उरलेलं भाडं भरा. माझ्या धंद्यातलेच लोक हे सही झाल्यावर सांगतात, त्याची चीड येते. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याचा, करार नोंदवूनच घ्या, नुसत्या नोटरीवर राहू नका.

फोर्टचा_जुना
फुकट बसतो म्हणणाऱ्याने एकदा येऊन आमच्या दुरुस्तीची बिलं बघावीत. मालक ढुंकून बघत नाही, भाडेकरूंनी वर्गणी काढून स्लॅब केला. पागडी म्हणजे ऐश, हे कोणी पसरवलंय कळत नाही.

बेळगावची_मसाला
मूळ विषयावर विचारू का? मी बेळगावला आहे, नंबर कर्नाटकचा. पुण्या-मुंबईच्या दुकानांना माल जातो. एजंट म्हणतो बीकेसीचा व्हर्च्युअल पत्ता घेऊन महाराष्ट्राचा नंबर काढू. घेऊ का? ऑनलाइन विकणारे दुसऱ्या राज्यात असंच करतात म्हणे.

ठाण्याची_सीए
माल बेळगावहून थेट दुकानदाराला जातो का? मग महाराष्ट्राचा नंबर लागतच नाही, आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी, लावून बिल करा. इथे साठा ठेवणार असाल तर नंबर लागेल, पण मग पत्ता गोदामाचा हवा, जिथे पोती ठेवलेली दिसतील. मसाल्याचा धंदा आणि जागा बीकेसीतलं टेबल, हे बघून अधिकारी पहिला प्रश्न विचारेल, 'माल कुठाय?'

सोलापूर_टॉवेल
आणि कार्डावर घालायला?

ठाण्याची_सीए
कार्डावर घाला हो, टपाल घ्या, मीटिंग करा. नोंदणीत घालणार असाल तर करार, संमतीपत्र, पाटीचा फोटो आधी मला पाठवा आणि पोर्टलवर ईमेल, मोबाइल स्वतःचा टाका. एजंटचा नाही.

बेळगावची_मसाला
साठा भिवंडीत ठेवायचा विचार आहे. गोदामवाला संमतीपत्र द्यायला तयार नाही, भाडं रोख मागतो.

ठाण्याची_सीए
मग ते गोदाम सोडा. दुसरं बघा, लाइटबिल मालकाच्या नावाचं आहे ना ते पहिल्या भेटीतच विचारा.