फील्ड नोट्सच्या मर्यादित आवृत्त्यांची तुलना कशी करावी?

प्रश्न:
शिकागोच्या फील्ड नोट्स या कंपनीच्या खिशात मावणाऱ्या वह्यांच्या मर्यादित आवृत्त्या मी जमवतो. साडेतीन बाय साडेपाच इंचांचा आकार आणि ४८ पृष्ठे बहुतेक आवृत्त्यांत सारखीच असतात. मग मुखपृष्ठाच्या देखणेपणापलीकडे त्यांची तुलना कोणत्या निकषांवर करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १:
पहिला निकष कागदाचाच असावा. २०१२ च्या ‘एक्सपिडिशन’ आवृत्तीत युपो हा पॉलिप्रॉपिलीनपासून बनवलेला कृत्रिम कागद आहे. तो पाण्याने भिजत नाही आणि सहजी फाटत नाही, परंतु शाईही शोषून घेत नाही, त्यामुळे फाउंटन पेनाने लिहिलेला मजकूर बराच वेळ ओला राहतो आणि हात लागताच फिसकटतो. पेन्सिलीने मात्र त्यावर उत्तम लिहिता येते, म्हणून पावसाळी भटकंतीसाठी मी हीच वही सुचवीन.

प्रतिसाद २:
कागदाबरोबर मुखपृष्ठाची घडणही पाहावी. २०१४ च्या ‘शेल्टरवुड’चे मुखपृष्ठ चेरीच्या लाकडाच्या अतिशय पातळ पापुद्र्याला आतून कागद चिकटवून केलेले आहे. लाकडाच्या रेषा प्रत्येक प्रतीवर वेगळ्या उमटतात, आणि माझ्या दृष्टीने हेच तिचे खरे मोल आहे. जुनी प्रत विकत घेताना मात्र कण्याजवळची घडी आणि पिना नीट तपासाव्यात, कारण दमट हवेत पिनांना गंज चढण्याचा धोका असतो आणि त्याचा डाग कागदावरून निघत नाही.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. या आवृत्त्या बहुधा तीन वह्यांच्या वेष्टनबंद संचात मिळतात; तो संच वेष्टन न फोडता जपावा की प्रत्येक आवृत्तीतील एक वही वापरावी?

प्रतिसाद १:
एक अवश्य वापरावी. कागदाची पारख लिहिल्याशिवाय होत नाही.