क्लब घ्यायला नवा मालक येतोय, त्याच्याकडे नेमकं काय मागावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी दुपारी चार वाजता आमच्या फुटबॉल क्लबची बैठक आहे. त्याआधी मला एक पानभर मजकूर लिहायचा आहे. तीन रात्री वही उघडून बसलो, पण जमत नाहीये, म्हणून इथे विचारतो.

आम्ही भुसावळचे. वाफेच्या इंजिनांच्या काळात रेल्वे वसाहतीतल्या फिटर आणि फायरमन लोकांनी हा क्लब काढला. बाजारातून पांढरे बनियन आणून घरच्या घमेल्यात निळ्या रंगात बुडवले, तीच पहिली जर्सी. तेव्हापासून रंग निळाच. मी चौदाव्या वर्षी बॅकला उभा राहिलो आणि पंचवीस वर्षं खेळलो. आता गुडघा चालत नाही, तर हिशोबाची वही सांभाळतो. चेंडू, नेट, फक्की, पंचांचं मानधन आणि बाहेरगावच्या स्पर्धांना जायची रेल्वेची तिकिटं, एवढाच आमचा वर्षाचा खर्च. तोही वर्गणीतून भागत नाही. कमिटीतल्या कुणाचा तरी खिसा हलका होतो.

महिन्यापूर्वी एक व्यावसायिक स्वतःहून मैदानावर आले. यावल-रावेर पट्ट्यात केळीचा मोठा व्यापार, आता बांधकामातही आहेत. सकाळी सहाला आमचा सराव असतो, कारण एप्रिलमध्ये आठनंतर मैदानावर पाय ठेवता येत नाही. ते तासभर उभे राहून लहान पोरांचा खेळ बघत होते. मला माणूस आवडला. मग म्हणाले, "भाऊ, क्लब मी घेतो. पाच वर्षांचा सगळा खर्च माझा. तुम्हाला काय पाहिजे ते लिहून आणा."

कमिटीत एकेकाचं वेगळंच. तरुण पोरांना दिवे हवेत, हिरवं कृत्रिम गवत हवं, गोवा-कोलकात्याचे दोन खेळाडू हवेत, मुंबई-नागपूरच्या स्पर्धा हव्यात. त्यांचं चूक नाही. जून लागला की आमच्या काळ्या मातीत बूट रुतून बसतो आणि चार महिने खेळ बंद. एक सभासद म्हणाले, धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात, देतोय ते घ्या. आमच्या जुन्या गोलकीपर नानांनी मात्र मान हलवली. नाना मूळचे पारोळ्याकडचे, रागावले की अहिराणीत बोलतात. "पैसा यी नि जाई, पन मैदान गयं ते परत येवाव नही."

मी नानांच्या बाजूचा आहे, त्यालाही कारण आहे. दहा वर्षांपूर्वी असाच एक दाता आला होता. जर्सीवर स्वतःचं नाव छापलं, मोठी स्पर्धा जाहीर केली आणि उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवसापासून फोन उचलणं बंद केलं. मंडपवाला, लाऊडस्पीकरवाला, चषकाचं दुकान, सगळे माझ्या दारात. माझी भिशी त्या महिन्यात लागली होती, बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली. तीच दिली. कागद केला नव्हता, त्यामुळे बोलायलाही जागा नव्हती.

म्हणून या वेळी मोठ्या क्लबांमध्ये मालक बदलले तेव्हा काय झालं, ते वाचत बसलो. वेल्समधल्या कार्डिफ सिटी क्लबला ब्लूबर्ड्स, म्हणजे निळे पक्षी, म्हणतात. २०१२ साली त्यांच्या मलेशियन मालकाने निळा रंग काढून लाल केला. संघ २०१३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या श्रेणीत पोचला, तरी प्रेक्षक निळ्यासाठी भांडत राहिले आणि २०१५ च्या जानेवारीत निळा परत आला. वर गेलेला संघही लोकांना परक्या रंगात नको होता, हे वाचून मला आमचं घमेलं आठवलं. आपल्याकडे कोलकात्याच्या मोहन बागानच्या नावाआधी २०२० साली एटीके या दुसऱ्या क्लबचं नाव लागलं. १८८९ चा क्लब, १९११ साली जवळजवळ सगळे अनवाणी खेळून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकलेला. पाठीराखे तीन वर्षं 'एटीके काढा' म्हणत राहिले, तेव्हा २०२३ मध्ये ते निघालं.

ब्लॅकबर्न रोव्हर्सची गोष्ट तर आपल्या राज्याशी जोडलेली. १९९५ साली इंग्लंडचा विजेता असलेला हा क्लब २०१० च्या नोव्हेंबरात पुण्याच्या व्यंकीज समूहाने घेतला. महिनाभरात प्रशिक्षक बदलला, २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली आला, २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत. मालक दिसत नाहीत, बोलत नाहीत, ही तिथल्या लोकांची वर्षानुवर्षांची तक्रार. हरण्यापेक्षा हे त्यांना जास्त लागलेलं दिसतं. उलट इंग्लंडच्याच लेस्टर सिटी क्लबचे थायलंडचे मालक विचाई २०१८ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेले, तेव्हा स्टेडियमबाहेर फुलांचा खच पडला होता. परदेशी मालक दोन्हीकडे होते. लेस्टरच्या लोकांनी त्यांना आपलं मानलं होतं.

सगळ्यात जास्त घाबरवलं ते इंग्लंडच्या 'बरी' नावाच्या क्लबने. १८८५ चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला. २०१८ च्या डिसेंबरात एका माणसाने तो एक पौंडाला घेतला. पुढच्या ऑगस्टमध्ये पुरेसे पैसे असल्याचा पुरावा देता आला नाही म्हणून लीगमधून काढून टाकला. एक पौंड! तो घेताना कुणी विचारलं असतं की बाबा, पुढच्या वर्षाचा पगार कुठून देणार?

तर माझे प्रश्न. "क्लब घेतो" म्हणजे कायद्याने काय घेतात? आमची संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे. मैदान आमचं नाही, रेल्वेच्या परवानगीने वापरतो, मग त्याबद्दल कागदात काय लिहावं? आणि जो माणूस प्रेमाने पैसे द्यायला आलाय त्याच्यासमोर अटी ठेवताना त्याचा अपमान होऊ नये, असं कसं लिहावं? हा तिसरा प्रश्न मला सगळ्यात जड जातोय.

प्रतिसाद १

जळगावला संस्थांच्या नोंदणीचं काम बरीच वर्षं करतो, म्हणून पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो.

तुमची संस्था १८६० चा सोसायटी नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, या दोन्हींखाली असणार. तिचे शेअर नसतात, त्यामुळे ती कुणाला विकता येत नाही. ते व्यावसायिक फार तर सभासद होतील, निवडून कार्यकारिणीत येतील, आणि तो बदल ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात कळवावा लागेल. मालक व्हायचंच असेल तर साधारण वाट अशी की ते नवी कंपनी काढतात आणि संघ, नाव, चिन्ह तिकडे नेतात. जुनी संस्था कागदावर उरते, रिकामी. लक्ष इथे ठेवा.

क्लबचं नाव आणि चिन्ह संस्थेच्या नावाने ट्रेडमार्क म्हणून आधी नोंदवायला टाका, खेळाच्या सेवांसाठी वर्ग ४१. मग करारनाम्यात लिहा की नाव वापरायची परवानगी पाच वर्षांची आहे, मालकी संस्थेचीच. कंपनी निघालीच तर तिच्या नियमावलीत असं कलम घालून घ्या की नाव, रंग आणि खेळायचं गाव बदलायला संस्थेची लेखी संमती लागेल. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम ५ खाली अशी पक्की तरतूद करता येते. इंग्लंडमध्ये २०२१ च्या सरकारी पाहणीने प्रेक्षकांसाठी याच धर्तीवर 'गोल्डन शेअर' सुचवला होता.

पैसा पाच वर्षांनी एकदम नको. दर हंगामाआधी त्या हंगामाचा खर्च संस्थेच्या खात्यात जमा व्हावा. बरी क्लबचं तुम्हीच लिहिलंय.

प्रतिसाद २

कोल्हापूरहून. आमच्याकडे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, हे संघ तालमींचे आणि तालीम पेठेची. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठ ओस पडते. मदत करणारे पुष्कळ असतात, त्यांचा मानही ठेवतो, पण संघ कुणाच्या नावावर नसतो. म्हणून संघ उचलून दुसऱ्या गावी नेणं कुणाला सुचतच नाही. पुण्यात बघा, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. बालेवाडीला जाणारी पोरं एका उन्हाळ्यात बिनसंघाची झाली.

लंडनच्या विम्बल्डन फुटबॉल क्लबवाल्यांचं वाचा. त्यांचा संघ २००३ मध्ये मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात नेला. हलवायचं ठरलं तेव्हा, २००२ मध्येच, लोकांनी स्वतःचा नवा क्लब काढला, खालच्या श्रेणीपासून सुरुवात केली, २०११ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये आले आणि २०२० मध्ये जुनं मैदान होतं त्या प्लाऊ लेनला परतले. तुमच्या नानांचं मैदानाचं बोलणं मला त्यामुळे पटलं. रेल्वेची परवानगी संस्थेच्याच नावाने राहील, कंपनीच्या नावाने अर्ज जाणार नाही, हे वाक्य कागदात हवंच.

प्रतिसाद ३

दादा, मी धुळ्याची. शाळेत असताना जिल्हा संघातून खेळले आहे. तुमच्या अख्ख्या लिखाणात मुलींचा उल्लेख नाही. मैदानावर कपडे बदलायला खोली नाही, संडास नाही, म्हणून मी दहावीनंतर खेळ सोडला. माझ्याबरोबरच्या सातजणींनीही. नवा मालक दिव्यांवर खर्च करणार असेल तर त्याआधी एक खोली आणि दोन संडास मागा. पहाटे अंधारात येणाऱ्या मुलींच्या आयांना बसायला एक बाकडंही. आई बसली की मुलगी येते.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार.

ताई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. आमच्याकडे सकाळी नऊ मुली येतात आणि त्या घरूनच जर्सी घालून येतात, हे मी रोज बघतो. का, ते कधी विचारलं नव्हतं. काल विचारलं. खोली आणि संडास आता यादीत पहिले आहेत. कमिटीतल्या तरुणांना सांगितलं तेव्हा एकानेही नाही म्हटलं नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नानांनीच दिलं. म्हणाले, अटी लिहिण्याआधी आपण काय देणार ते लिही. म्हणून कागदाची सुरुवात तशीच केली आहे. मैदान रोज झाडून, फक्की मारून तयार ठेवू. पै-पैचा हिशोब दर तीन महिन्यांनी आपल्याला दाखवू. जर्सीच्या बाहीवर आपल्या व्यवसायाचं नाव असेल, छातीवर क्लबचं चिन्ह. त्यानंतर आमचं मागणं: आधी खोली आणि संडास. नाव, निळा रंग आणि भुसावळ, तिन्ही बदलायची नाहीत. रेल्वेची परवानगी संस्थेकडे. हंगामाचा पैसा हंगामाआधी. लहान मुलांचा सकाळचा सराव फुकटच राहील. बाहेरचे खेळाडू आणायचे तर आणा, पण अकरात निदान सहाजण तालुक्यातले. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि मेमध्ये, आपण स्वतः मैदानावर सगळ्यांसमोर बसाल आणि कुणीही प्रश्न विचारू शकेल.

कृत्रिम गवत वगळलं. पैसा मुलींच्या खोलीकडे जावा असं वाटलं, आणि ४५ अंशांच्या उन्हात त्या गवतावर पोरांचे पाय भाजतील ही भीतीही आहे. तरुणांना हे पटलेलं नाही. त्यांनी मैदानात मुरूम टाकून पाण्याचा निचरा काढायची मागणी पुढे केली आणि ती मला पटली, म्हणून घेतली.

एकच अडलंय. पाच वर्षांनी ते निघून गेले तर त्यांनी बांधलेली खोली आणि लावलेले दिवे कुणाचे? जमीन रेल्वेची, पैसा त्यांचा, वापर आमचा. याचं कलम कसं लिहावं, जळगावच्या दादांनी सांगावं. मसुदा शनिवारी रात्री इथे टाकतो. कुठे चुकत असेल तर रविवारी दुपारच्या आत कळवा.